दक्षिण ध्रुवावरची खूण

३ फेब्रुवारी, सोमवार

पाच महिन्यांनी कामावर! जिना तोच, खळीचा आंबूस वास तोच. माझं टेबल मात्र पुसून ठेवलेलं — आजवर कुणी पुसलंय का माझं टेबल! वीस मिनिटं उशिरा पोचले. काका आमचे तपासनीस, उशिरा येणाऱ्याची ते जिन्यापासूनच हजेरी घेतात. आज नुसते हसले. म्हणाले, "ये बाळ, दमली असशील."

बाळ! मी छत्तीस वर्षांची आहे.

खणात माझं कागद कापायचं पातं नव्हतं. त्याच्या जागी बोथट टोकाची कात्री, नव्या मुलींना शिकताना देतात ती. कात्रीने कागदाची कड दातेरी होते, मग पाकळीला पाकळी भिडत नाही. पातं कुठे गेलं, विचारलं नाही. का गेलं ते कळलं. मी कधी कुणाला ओरखडासुद्धा काढलेला नाही — स्वतःलाही नाही. पण सांगायचं कुणाला?

५ फेब्रुवारी, बुधवार

दिवसभरात एकच पृथ्वी चिकटवून झाली. सकाळच्या औषधाने हात थरथरतात. अकरा वाजले की आपोआप थांबतात.

११ फेब्रुवारी, मंगळवार

आज पाच पृथ्व्या वाळत टांगल्या होत्या. दुपारी खिडकीतून वारा आला आणि सगळ्या आपापल्या नादात हळूहळू फिरायला लागल्या. एकीवर दिवस, तिच्या शेजारणीवर रात्र. मी खळीचा ब्रश हातात धरून बघत राहिले. किती वेळ, देव जाणे. औषधाने डोक्यात कापूस भरल्यासारखं होतं. पण त्या कापसातून जग असं तरंगताना दिसतं, हेही खरं. वाईट नाही वाटत.

शाळांसाठी पृथ्वीचे गोल बनवतो आम्ही. पोकळ गोळ्यावर छापील कागदाच्या बारा पाकळ्या चिकटवायच्या, वरखाली टोप्या बसवायच्या. मला समुद्र चिकटवायला आवडतो. सगळ्यांना जमिनी आवडतात, कारण रेषा जुळल्या की काम झालं. समुद्रात जुळवायला काहीच नसतं. नुसता निळा, आणि त्यात तुम्ही एकट्या.

तिथेच तर घोटाळा झाला माझा. ऑगस्टात चार रात्री झोपले नव्हते. निळा फार ओसाड वाटायला लागला. एवढ्या पाण्यावरून पक्षी उडत जातात, ते टेकणार कुठे? मी बारीक कुंचल्याने एक बेट काढलं. मग दुसऱ्या गोळ्यावर, तिसऱ्यावर... अकरा गोळे! सगळीकडे तेच बेट, त्याच जागी, त्याच आकाराचं. माल बाहेर जायच्या आत काकांनी पकडलं. त्यानंतर इस्पितळ.

त्या बेटाविषयी कुणी अवाक्षर काढत नाही. मी विसरले असेन असं त्यांना वाटतं का? त्याच्या किनाऱ्याचं वळणन् वळण मला पाठ आहे. पण ते नाही, हेही मला पक्कं माहीत आहे. दोन्ही एकाच डोक्यात सुखाने राहतात.

१२ फेब्रुवारी, बुधवार

शेजारच्या टेबलावरच्या पोरीने, चिमणीने, आज एक पाकळी उलटी चिकटवली. तिच्या तोंडाचा पट्टा चालू असला की हात आपल्या मनाचे. काकांनी खालच्या टोपीची खीळ काढली, खूण बघितली आणि तिला सगळ्यांसमोर असं काही झाडलं की वाळणाऱ्या पृथ्व्याही थांबल्या असतील.

खूण म्हणजे आमची जुनी रीत. दक्षिण ध्रुवाच्या टोपीखाली जी ती आपली खूण करते, पेन्सिलीने. गिऱ्हाइकाला दिसत नाही. चूक निघाली तर कुणाला बोलायचं ते कळावं, एवढाच उपयोग! आणि जिची चूक, तिनेच तो गोळा सोलून पुन्हा करायचा. चिमणीची फुली. माझा तीळ आणि त्याला शेपूट.

माझ्या आजच्या गोळ्यावर कागदाखाली हवेचा फुगा होता, बोराएवढा. मुद्दाम ठेवला. काकांनी त्यावरून हात फिरवला, त्यांना लागला नाही असं होणारच नाही. म्हणाले, "असू दे, बाळ. छान झालंय."

चिमणी डोळे पुसत होती. मला तिचा हेवा वाटला.

२० फेब्रुवारी, गुरुवार

तेवीस झाल्या. आता दिवसाला दोन. कात्रीनेसुद्धा!

२४ फेब्रुवारी, सोमवार

सुतळी संपली म्हणून माळ्यावर गेले. तिथे चादरीखाली काहीतरी गोल गोल. उचलली. पृथ्व्या! ओळीने मांडलेल्या, अंगावर धूळ. एक खीळ काढली. तीळ आणि शेपूट. दुसरी. तीळ आणि शेपूट.

मोजल्या. सगळ्या होत्या. त्या दिवशीचा फुगासुद्धा.

पोटात गोळा आला. आमच्या धंद्याला शोभेलसा!

सुतळी घेतली, खाली आले, संध्याकाळपर्यंत आणखी एक चिकटवली. का चिकटवली?

२५ फेब्रुवारी, मंगळवार

गेले नाही. भिंतीकडे तोंड करून पडून होते. आईने दोनदा कपाळाला हात लावून पाहिला, औषधाच्या गोळ्या मोजल्या. शेवटी तिला सांगितलं. ती म्हणाली, सांभाळून घेतात गं तुला, दुसऱ्या कुणी दारात उभं केलं नसतं. खरंच आहे तिचं. इस्पितळात माझ्या बाजूच्या खाटेवर एक शिक्षिका होती, तिची जागा आठवड्यात भरली.

पण आई, मला कामावर घेतलंय की कामाचा खेळ मांडून दिलाय?

झोपेत त्या बेटावर गेले. पक्षी नव्हते. नुसत्या पृथ्व्या वाळत घातलेल्या, न्यायला कुणी येत नव्हतं.

२६ फेब्रुवारी, बुधवार

बोलले!

मालकीणबाईंच्या खोलीत गेले, काकाही तिथेच होते. माळ्यावर जाऊन आल्याचं सांगितलं. दोघं एकमेकांकडे बघायला लागले. मालकीणबाई वाईट नाहीत, इस्पितळात दोनदा आल्या होत्या. म्हणाल्या, मुलं यावरून जग शिकतात. पुन्हा तसं काही झालं आणि बाहेर गेलं तर कारखान्याचं नाव जाईल. आणि तुला काढायचं तर जिवावर आलं, म्हणून...

दुधाने तोंड पोळलंय त्यांचं, ताकही फुंकून पिणार. मला समजतं. मी विचारलं, "त्या माळ्यावरच्या पृथ्व्यांत चुका किती निघाल्या?"

काका खाली बघत म्हणाले, "तपासल्याच नाहीत. सरळ वर नेल्या."

हे सगळ्यात जास्त लागलं. वेडीने काय केलं असेल, हे कुणी उघडून बघितलंसुद्धा नाही. मला रडू आलं आणि मी ते येऊ दिलं. रडत रडतच बोलले. इस्पितळातून निघताना डॉक्टरांनी तुमच्यासाठी दिलेली चिठ्ठी कुठे आहे? मालकीणबाईंनी खण उघडला. चिठ्ठी होती, घडीसुद्धा न मोडलेली. जणू आत विंचू असावा. मीच वाचून दाखवली. दोनच ओळी आहेत. सकाळी अकराला सुरुवात करू द्यावी. झोप उडाली किंवा बोलणं फार वाढलं तर तिला तोंडावर सांगावं आणि मला फोन करावा.

"एवढंच हवं होतं," मी म्हणाले. "फुलासारखं जपायला कुणी सांगितलं होतं? मला अकराची वेळ द्या, माझं पातं द्या. आणि माझं काम तपासा. वाईट असेल तर वाईट म्हणा."

 चिठ्ठी उघडीच टेबलावर ठेवली आणि मी बाहेर आले.

३ मार्च, सोमवार

पातं खणात! धार लावून. भिंतीवरच्या वेळापत्रकात माझ्यापुढे अकरा लिहिलंय.

माळा रिकामा आहे. चादर घडी करून ठेवली आहे. माझ्या पृथ्व्या कुठे गेल्या? चिमणी म्हणते, शनिवारी संध्याकाळी हौदात पाण्याचा आवाज येत होता. हौदात टाकाऊ माल भिजवतात. कागद सोलून काढायचा आणि गोळा पुन्हा वापरायचा.

काकांना विचारायची हिंमत झाली नाही. त्यांनीही सांगितलं नाही. पण बाळ म्हणायचं बंद केलंय.

१९ मार्च, बुधवार

दोन रात्री झोप नाही. आज निळा पुन्हा मोठा व्हायला लागला. बेटाची जागा खुणावत होती, कुंचला समोरच पडला होता. मी चिमणीला म्हटलं, मला निळा ओसाड दिसतोय. तिने तोंड वेडंवाकडं केलं नाही. "मग आज घरी जा की," म्हणाली, "समुद्र कुठे पळून चाललाय?" आणि डॉक्टरांना फोन लावून दिला.

पातं मी आपल्या हाताने खणात ठेवलं. भीती एकच: परत येईन तेव्हा तिथे कात्री असेल.

२४ मार्च, सोमवार

पातंच होतं.

१६ एप्रिल, बुधवार

दिवसाला तीन पृथ्व्या. खोके भरून माल जातो. माझ्या जातात की पुन्हा हौदात, कळायला मार्ग नाही. आपली खूण आपल्यालाच दिसत नाही, ती टोपीखाली गेली की गेली. डोळे मिटले की त्या सगळ्या पाण्यावर तरंगत दूर जाताना दिसतात. पाणी हौदाचं की समुद्राचं, ते मात्र दिसत नाही.

२९ एप्रिल, मंगळवार

तक्रार आली! कुठल्याशा लांबच्या शाळेतून एक पृथ्वी परत, सोबत बाईंचं पत्र: समुद्रात लांबलचक सुरकुती आहे, मुलं विचारतात हा कुठला डोंगर. बाकीच्या एकोणीस चांगल्या आहेत, ही तेवढी बदलून द्यावी.

काकांनी खीळ काढली, टोपीखालची खूण उजेडात बघितली आणि सगळ्यांसमोर माझ्यावर कडाडले, "अगं ए, डोळे काय घरी ठेवून येतेस? आंधळ्यानेसुद्धा बोटाने ओळखली असती!"

सगळ्यांनी माना खाली घातल्या. चिमणीने पुढे केलेला रुमाल मी घेतला, पण कशासाठी ते तिला सांगता आलं नाही.

उद्या अकराला ती सोलून पुन्हा चिकटवायची आहे.