पट्टी, सळई आणि माझी मांडी

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार. (त्यातली सातच अंगं पोचती समज. आठवं नुकतंच दुरुस्त होऊन आलंय, वाकायची परवानगी अजून नाही.) तू आणि भावोजी बरे असाल. इकडे सगळे खुशाल आहोत, मीसुद्धा, आणि हे एवढं वाक्य लिहायला मला तीन महिने लागले.

फोनवर तुला नुसतं 'पडलो' म्हणालो होतो, कारण कसा पडलो ते सांगायची लाज वाटत होती. एका गिऱ्हाइकाकडे छतापर्यंतचं कपाट बसवलं, दारं लावली, आणि उंच फळीवर उभा असतानाच ते लांबून कसं दिसतंय हे बघायला एक पाऊल मागे सरकलो. पस्तीस वर्षं सुतारकाम केलेला माणूस! मागे पाऊल ठेवायला काही नव्हतं. (कपाट झकास दिसत होतं. पडता पडता पाहिलं.) मांडीचं हाड खुब्याखाली तिरपं मोडलं, शिवाय एक ढलपी निघाली.

इस्पितळात जो येईल तो सल्ला देऊन जाई. धाकटे काका म्हणाले, ऑपरेशन कशाला, पायाला वजन टांगून पडून राहा, फुकटात जुळतं. तुझ्या भावजयीने लगेच कागद घेतला. पलंगाचं भाडं, उचलायला माणूस, माझी बुडालेली मजुरी अशी बेरीज केली, तर फुकटचा उपाय सगळ्यांत महाग निघाला. वर म्हणाली, "आणि यात तुमची दोन महिन्यांची बडबड धरलेलीच नाही." उरले दोन मार्ग. बाहेरून पट्टी आणि स्क्रू, किंवा हाडाच्या पोकळीतून सळई. सळई पट्टीच्या दीडपट महाग. शेजारच्या पलंगावर एक कंडक्टर होते, पट्टीवाले, तपासणीसाठी एका दिवसापुरते दाखल झालेले. ते चार महिन्यांत छान चालू लागले होते, त्यामुळे माझा जीव पट्टीत अडकला. (खरं तर स्वस्तात अडकला.)

डॉक्टरीणबाई माझ्या मुलीच्या वयाच्या. त्यांनी एक्स-रे खिडकीला धरला आणि सांगितलं, साधा मोड असता तर पट्टीच सुचवली असती, पण तुमचा तिरपा आहे, सळईवर पाय लवकर टेकता येईल. मीही कारागीर, गप्प बसवेना. म्हटलं, खुर्चीचा पाय मोडला तर गिऱ्हाइकाच्या खुर्चीला आम्ही बाहेरून पट्टी मारतो, घरच्या खुर्चीला आतून खुंटी घालतो. त्यांनी विचारलं, "मग तुम्हाला घरची खुर्ची समजू ना?" मी हसलो, आणि सहीचा कागद समोर आल्यावर अशी सही ठोकली की माझं आडनाव मलाच वाचता येईना. तुझी भावजय एकच प्रश्न विचारत होती, हे उभे कधी राहतील? पैशांचा कागद तिने केव्हाच घडी करून टाकला होता.

ताई, सळई घातली त्याच्या दुसऱ्याच दिवशी त्यांनी मला वॉकर धरून उभं केलं. फक्त उभं. मी भोकाड पसरलं. नर्स घाबरली, दुखतंय का म्हणाली. दुखत होतंच, पण रडू त्याचं नव्हतं. महिन्याभरापूर्वी काठी आली, आणि कालच्या एक्स-रेत हाड जुळलेलं दिसलं. डॉक्टरीणबाई म्हणतात दोन्ही पाय सारखे. मी माझ्या टेपने मोजले तर उजवा दोन सूत कमी भरला. तेव्हापासून टेप घरात सापडत नाही. आज कारखान्यापर्यंत चालत गेलो, रंध्याला नुसता हात लावला आणि परत आलो. इतकं हलकं कधी वाटलं नव्हतं.

तुझा,
धाकटा

ता. क. – हा सगळा पाल्हाळ का लावला ते आता सांगतो. न्हाणीघरात घसरल्यापासून तू भिंत धरून चालतेस आणि खर्च नको म्हणून एक्स-रे काढत नाहीस, हे मला कळलंय. उद्याच्या उद्या काढ. मी आणि तुझी भावजय सोमवारी येतोय. तिने नवा कागद घेतलाय.

आणखी ता. क. – हे मला भावोजींनी सांगितलं, आणि त्यांचं नाव घ्यायचं नाही असंही बजावलं. तेव्हा ही शेवटची ओळ तू वाचलेली नाहीस.