माणूस न पाहता घेतलेली गाडी

बाबा, मी गाडी घेतली. जुनीच, पण शोरूममधून, तपासणीचं प्रमाणपत्र असलेली. तुम्ही असता तर आधी हसला असता, मग शिवी दिली असती, आणि दिवस वाईट असता तर हातही उचलला असता. तुम्हाला जाऊन वीसेक वर्षं होत आली, म्हणून हे बिनधास्त लिहिता येतं. मी आता सालेकसा भागातल्या एका उपकेंद्रावर नर्स आहे आणि मायला घेऊन गोंदियाजवळच्या गोरेगावात राहते. पावसाळ्यात स्कुटीवरून जंगलातल्या रस्त्यानं जाताना दोनदा आपटले. मायचे गुडघे तिला एसटीची पायरी चढू देत नाहीत. गाडी घ्यायचं कारण एवढंच होतं.

दोन गाड्या मनात होत्या. एक गोंदियाच्या शोरूममधली लाल. तिथला विक्रेता हिंदीत घडाघडा बोलत होता, इंजिन बघितलंय, ब्रेक बघितलेत, वर्षभराची गॅरंटी आहे, नाव बदलायचं कामही आम्हीच करू. दुसरी सालेकस्याच्या पुढच्या एका गावातल्या तेंदूपत्त्याच्या ठेकेदाराची. पांढरी, कमी चाललेली आणि बरीच स्वस्त. माझा कल शोरूमकडे होता. माय म्हणाली, "दुकानातल्या गाडीचा मालक कोन होता, थे का समजते आपल्याले? माणूस पाहून घ्यावं." हे तुमचं बोलणं, बाबा. जिनं जन्मभर तुमचा मार खाल्ला तिच्या तोंडून तुमचं शहाणपण ऐकलं आणि माझं डोकं फिरलं. पण मी गेले. कारण तुमची ती परीक्षा मलाही खरी वाटत आली होती.

तुम्ही जीप घ्यायला निघालात तेव्हा मला सोबत नेलं होतं, आठवतं? उन्हाळा लागलाय, मी तुमच्या सायकलच्या दांड्यावर बसलेय. पहिल्या घरी जीप अंगणात चकाचक उभी, मालक बॉनेट उघडून वाट बघतोय, आणि तुम्ही जीपकडे ढुंकून न बघता सरळ गोठ्यात जाता. बैलाची शेपटी हातात घेऊन वरून खालपर्यंत चाचपता. शेपटीला तीन ठिकाणी गाठी. पिळून पिळून हाड मोडलेलं. तुम्ही चहा न घेता परत फिरता. वाटेत मला म्हणता, "ज्यानं मुक्या जनावराची शेपटी मोडली, थो गाडीले का सुखानं वागवंल? अशाची वस्तू घेऊ नये, पोरी." दुसऱ्या गावात बैलांच्या शेपट्या सरळ निघाल्या, खांद्यावर एक जखम नाही, आणि तुम्ही जीप घेतली. मला तेव्हा तुमचा इतका अभिमान वाटला होता की माझा बाप गावातला सगळ्यात शहाणा माणूस आहे असं मी शाळेत सांगणार होते.

त्याच संध्याकाळी तुम्ही जीप अंगणात घातलीत. अंगणात मायनं वेचून आणलेली मोहफुलं वाळत घातली होती, आठवड्याची मेहनत. चाकाखाली ती चिरडायला लागली तशी माय धावत आली आणि म्हणाली, "फुलं तं उचलू द्या आधी." एवढंच. तुम्ही खाली उतरलात, सीटमागून जुना फॅनबेल्ट काढलात आणि सगळ्या आळीसमोर तिला झोडपलंत. बेल्टच्या दातऱ्यांचे वळ तिच्या पाठीवर उठलेले मी मोजले नाहीत, मी डोळे मिटून घेतले होते. सकाळी बैलाच्या शेपटीवरून फिरलेला तो हात आणि हा हात एकच होता. तुम्हाला त्यात काहीच विचित्र वाटलं नाही. रात्री तुम्ही पोटभर जेवलात. मला तुमचा जितका राग येतो ना बाबा, त्यातला अर्धा त्या जेवणाचा आहे.

तर मी आणि माय रविवारी ठेकेदाराकडे गेलो. आता कुठले बैल? अंगणात ट्रॅक्टर उभा होता, गोठ्यात खताची पोती. तुमची परीक्षा घेणार कशी, याचं मला हसूच आलं. माणूस गोड बोलत होता. डिक्की उघडून स्टेपनी दाखवली, जॅक दाखवला, जॅकची टॉमी, ती हातभर लोखंडी सळई, काढून माझ्या हातात दिली, बघा म्हणे, गंजसुद्धा नाही. त्याची बायको चहा घेऊन आली. ट्रे तिनं उजव्या हातावर तोलला होता, डावा हात अंगाशी धरलेला. असे हात मी उपकेंद्रात रोज बघते. विचारलं की बाया सांगतात, विहिरीवर पाय घसरला. तरी मी गाडीबद्दलच विचारलं. कुठं ठोकली वगैरे होती का? तो म्हणाला, एक ओरखडा नाही. ती दारातून सहज, जणू तो विसरला असेल म्हणून आठवण करून द्यावी तशी म्हणाली, "पुलापाशी झाडाले लागली होती ना जी, मागच्या साली."

तो हसतच उठला. तिच्या हातातला स्टीलचा ट्रे घेतला आणि कड तिच्या कपाळावर हाणली. कप फुटले, चहा आणि रक्त एकदमच तिच्या पदरावर आलं. मग आमच्याकडे वळून तो म्हणाला, "बायकायले का समजते गाडीतलं. तुमी बोला, कमी-जास्त करू." ती भिंतीला धरून उभी राहायला बघत होती आणि त्यानं ट्रे पुन्हा उगारला. टॉमी माझ्या हातातच होती. मी त्याच्या मनगटावर मारली. हाड मोडल्याचा आवाज मला चांगला ओळखू येतो. ट्रे पडला, तो गुडघ्यावर आला. मी खांद्यावर मारली. तो आडवा झाला, हात जोडायला बघत होता, एक हात जुळत नव्हता. मी मांडीवर मारली. मग परत मांडीवर. कोणी थांबवलं नसतं तर मी कुठं थांबले असते ते मला माहीत नाही.

थांबवलं मायनं. मागून तिचा आवाज आला, "नका जी, नका मारू, पुरे करा." जन्मात ती मला कधी जी म्हणाली नाही, जी ती फक्त तुम्हाला म्हणायची. मी वळले. माय भिंतीच्या कोपऱ्यात उकिडवी बसली होती. दोन्ही कोपरं डोक्यावर, मान खाली घातलेली. गुडघे दुखतात म्हणून जी पाटावरसुद्धा बसत नाही, ती. टॉमी अजून माझ्या हातात होती आणि ती माझ्यापासून डोकं वाचवत होती.

पुढचं सगळं कामासारखं झालं. त्या बाईच्या कपाळाला पट्टी केली, त्याच्या मनगटाला बांबूच्या दोन कांब्या बांधल्या. ती मला म्हणाली, "तुमी जासान निघून, बाई. आता हे सारं माह्यावर निघंल." खरंच होतं तिचं. मी तिला चप्पल घालायला लावली. त्याला गाडी चालवता येणार नव्हती, म्हणून त्याच्याच गाडीत दोघांना घालून मीच दवाखान्यात नेलं. हीच माझी ट्रायल, बाबा. गाडी चांगली होती, जरा डावीकडं ओढत होती. तो पुढं माझ्या शेजारी कण्हत होता, माय मागं तिचा हात धरून बसली होती. दवाखान्यात त्यानं सांगितलं, पायरीवरून पडलो. बाईनं मारलं हे सांगायची लाज वाटली असेल. तिनं मात्र पोलिसासमोर खरं सांगितलं, ट्रेचंही आणि त्याआधीचंही, टॉमीचं तेवढं गाळलं. संध्याकाळी गोंदियाहून तिचा भाऊ आला. ती अजून त्याच्याकडेच आहे, एका बिडी कारखान्यात जाते. दोनदा तिचा फोन आला होता.

मग मी शोरूममध्ये गेले आणि लाल गाडी घेतली. आधीचा मालक कोण होता, असं विचारलं, तर विक्रेता म्हणाला, "मॅडम, वो हम नहीं बताते. गाडी देखिए ना." मला बरं वाटलं. त्या मालकाचं घर बघायचं नाही, त्याच्या बायकोच्या हातचा चहा घ्यायचा नाही. कोणी तिथंही मार खाल्ला असेल. त्या प्रमाणपत्रात ते लिहीत नाहीत, आणि मला वाचायचंही नव्हतं.

आता सगळ्यांना, मायलाही, मी सांगते की त्या बाईसाठी मारलं. पहिला फटका तिच्यासाठीच होता. पुढच्यांच्या वेळी ती माझ्या डोक्यातही नव्हती. मला ते आवडलं होतं, बाबा. हात हलका झाला होता आणि डोकं शांत. तुम्हाला त्या रात्री जेवण कसं गेलं ते मला कळलं. हे जिवंत माणसाला सांगता येत नाही, म्हणून तुम्हाला लिहिलं. हा कागद मी कोणाला दाखवणार नाही. माय दर सोमवारी माझ्यासोबत बाजाराला येते. पुढची सीट तिच्या गुडघ्यांना सोयीची आहे, मी दार उघडून धरते, पण ती मागंच बसते.