सगळे बाहेर

सोमवार, ३ मार्च
आज उदयसिंह मालकांच्या फौंड्रीत, म्हणजे लोखंड ओतायच्या कारखान्यात, रुजू झालो. सदुसष्टाव्या वर्षी नोकरी म्हटल्यावर गारगोटीत सगळे हसले. हसू देत. रेडिओ उघडून शिकलो, कॉम्प्युटरही उघडूनच शिकलो. इथला तर वीस वर्षांचा म्हातारा. पंख्याला धाप लागते, पण कामाला चुकत नाही. बघताक्षणी जीव जडला. त्याची डिस्क भरलीय. दुसरी जोडायची, सगळी हजेरी तिच्यावर घ्यायची आणि जुनी पुसून टाकायची, एवढंच काम. कारकून सोमेश मोकळ्या मनाचा. पावणं, डबा आणला नसंल तर माझ्यातली भाकरी घ्या, म्हणाला. घेतली.

मंगळवार, ४ मार्च
मालकांनी आणलेली नवी मोठी डिस्क आमच्या म्हाताऱ्याला दिसेचना. जुन्या बाजारातून छोटी आणली, पुसून कोरी केली, आणि रुंद पट्टीच्या वायरीवर जुनीच्या शेजारी बसवली. सोमेशने हजेरीची पद्धत सांगितली. कामगार येता-जाता अंगठा लावतात. एक जरी माणूस हजेरीत ‘आत’ असला, तर वाळूचा मिक्सर सुरूच होत नाही. मिक्सर म्हणजे दीड पुरुष खोल लोखंडी हौद, तळाशी फिरती पाती. साडेपाचला सुटी झाली की उद्याच्या साच्यांची वाळू कालवायला तो लावतात. पण कोडोलीची बस पाच चाळीसची, अंगठ्याच्या रांगेत थांबणार कोण? म्हणून सोमेश अंगठ्याच्या यंत्रावरचं एक बटण दाबतो, की हजेरीत सगळे बाहेर. मला ते रुचलं नाही, तसं बोललोही. तो म्हणाला, चार वर्षं असंच चाललंय की तात्या.

बुधवार, ५ मार्च
मी स्वतः कोरी केलेली डिस्क. आज उघडली तर तिच्यावर एक ओळ : कृष्णात, ५.३४, आत, अंगठा.
सोमेशला दाखवली. त्याने आधी दार लावून घेतलं. कृष्णात इथलाच कामगार, दसऱ्याआधी गेला, म्हणाला. हौदात उतरून पात्यांची वाळू खरवडत होता. साडेपाचला याने नेहमीसारखं बटण दाबलं. मिक्सर बंद करेपर्यंत चार मिनिटं गेली. तेव्हापासून रोज ५.३४ ला त्या मेलेल्या माणसाचा अंगठा हजेरीत लागतो आणि मिक्सर थांबतो.
डिस्क भरल्याचं नुसतं निमित्त, हा अंगठा पुसायलाच मला बोलावलंय. आणि मी आपला खुशीत वायरी जोडतोय.

गुरुवार, ६ मार्च
फाटकावर कृष्णातची बायको भेटली, पूर्णिमा. दर गुरुवारी येते म्हणे. मालकांनी लिहून दिलंय की तो घरी गेला होता, पिऊन परत आला आणि पडला. ती एवढंच म्हणाली, मामा, माझी पोरं शाळेत दारुड्याची पोरं झाल्यात. ते कामावर हुते, एवढा कागद द्या.
कागद आहे. जुन्या डिस्कवर, तो गेला त्या दिवशी सकाळी लिहिलंय : आत, अंगठा. संध्याकाळी : बाहेर, बटण. अंगठा नाही, बटण. मालकांपुढे ठेवलं. ते म्हणाले, तुम्हाला वायरी जोडायला बोलावलंय, पंचायत करायला न्हाय. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हटलं, डिस्क पुसणार नाही. माझे हात तोडा आणि मग पुसा.

शुक्रवार, ७ मार्च
जुन्या डिस्कची नक्कल करून पाहिली. छोट्या डिस्कवर दुसरं काही उमटतच नाही. तीच ओळ. हजार वेळा तीच. पुरावा म्हणाल तर जुनी डिस्क, तेवढीच.
५.३४. अंगठ्याच्या यंत्रापाशी मी उभा होतो. कुणी नव्हतं. दिवा हिरवा झाला. काचेवर ओल्या वाळूचा ठसा. पाठीमागे मिक्सर थांबला.
भीती आहेच. पण राग जास्त आहे — मेलेल्या माणसाला रोज येऊन सांगावं लागतंय, मी आत होतो —

शनिवार, ८ मार्च
पावणेपाच. मालकांनी जुनी डिस्क वायरीसकट उपटली आणि मिक्सरमध्ये फेकली. म्हणाले, घ्या तुमचा कागद. गेले गाडीत बसून.
शिडी लावून मी उतरतोय. अंगठा लावलाय; आजची हजेरी यंत्रातच राहते, डिस्क नसली तरी दिवा हिरवा झाला. सोमेशला दोनदा सांगितलं, मी आत आहे. व्हय तात्या, म्हणाला. कानाला फोन होता.

५.२२
सापडली. वाळूत खोल गेली होती. गरम आहे, कुणाच्या तरी हातात असल्यासारखी.
शिडी नाही.
सुटीआधी अवजारं आवरायची इथली पद्धत. कुणीतरी शिडी भिंतीला नेऊन लावली. हाका मारतोय. भट्टीचा पंखा चालू आहे. माझंच मला ऐकू येत नाही.

५.२७
वही खिशात होती म्हणून — पूर्णिमाबाई, डिस्क माझ्या सदऱ्यात आहे, छातीशी. तो पिऊन नव्हता. आत होता. मीही आत आहे. मी अंगठा लावला होता, बाहेर लिहिलं असेल तर ते खोटं —

५.२९
पंखा थांबला. पोरं बसकडे पळताहेत. सोमेश, अरे बाबा, ते बटण —

सुटीचा भोंगा झाला.
पात्यांना कंप सुटलाय. कृष्णात, लेकरा, आज चार मिनिटं आधी ये, आज आधी