भरल्याशिवाय न सुटणारी होडी

बाबा, आमच्या खेळाचा दुसरा भाग काल पूर्ण झाला आणि तो तुम्हाला नीट समजावून सांगावा असे सकाळपासून वाटते आहे. तुम्ही गेलात तेव्हा मी व्हिडिओ गेम बनवत नव्हते, म्हणून मुळापासून सांगते. पहिल्या भागात खेळणारा बर दुबईच्या धक्क्यावरचा अब्रावाला असतो. लाकडी होडीत उतारू घ्यायचे, त्यांना जागा करून द्यायची आणि होडी भरली की खाडी ओलांडायची. एवढेच! पण लोकांनी तो इतका उचलून धरला की दुसरा भाग करणे भागच पडले.

आता अडचण पाहा. पुढच्या भागात काय हवे, असे आम्ही खेळणाऱ्यांना विचारले. उत्तर आले, होडी लवकर सोडा. आम्ही आठ महिने खपून वेगवान इंजिने दिली, वाट पाहणे काढून टाकले आणि आपल्या करामा वस्तीतल्या काही मुलांना खेळून पाहायला बोलावले. दहा मिनिटांत एकेकाने फोन खाली ठेवला. माझ्या लेकीनेसुद्धा. म्हणाली, "आई, इट्स फास्ट, बट देअर्स नोबडी इन इट."

ते ऐकले आणि मी सात वर्षांची झाले. शुक्रवार आहे, तुमच्या सुट्टीचा दिवस. आपण अब्रात बसलो आहोत आणि मी पाय आपटते आहे, "बाबा, हा सोडत का नाही?" तुम्ही दटावता, "भरल्याशिवाय ती सुटत नाही. तोवर माणसं बघ की!" मग माझा चेहरा पाहून हळूच म्हणता, "तो पिंजरावाला काका दिसला? त्याच्या पोपटाला पोहता येत असेल का गं?" मी इतकी हसते की होडी सुटलेली मला कळतच नाही.

दुसऱ्या दिवशी मी फळ्यावर सगळे क्रमाने मांडले, पोपटासकट, आणि वाट पाहणे परत आणू या म्हटले. आमच्या लखनौच्या साहेबांनी कपाळाला हात लावला. "मतलब आठ महीने का काम खलास?"

"खलास," मी म्हणाले.

मागून आमचा मल्याळी चित्रकार म्हणाला, "मॅडम, तोता मैं बनाऊँगा. हमारे घर में दो है, दोनों गाली देता है."

साहेब हसू दाबत उठले. "यल्ला, चलो. मगर तारीख़ नहीं हिलेगी."

नाही हलली! परवा तीच मुले पुन्हा आली. या वेळी प्रत्येक उतारूपाशी काहीतरी आहे, आणि होडी भरेपर्यंत ते शोधत बसायचे. लेक तर जेवायलाही उठेना.

एक मात्र कबूल करते, कारण हे पत्र कुठे टाकायचे नाहीच. पहिला भाग गाजला तेव्हा मी सर्वांना सांगत सुटले होते की ही कल्पना बाबांची. खरे असे, की तेव्हा फोनवर पलीकडच्या किनाऱ्याचे चित्र उघडायला फार वेळ लागायचा, आणि तो वेळ लपवायला मी होडीत माणसे बसवली होती. तुम्ही तेव्हा मला आठवलासुद्धा नव्हतात.