उतारावरचा ओंडका

आबा, काल तीन नव्या पहारी निवडायला लोहाराकडे गेले होते. तुम्ही जाऊन आता अकरा वर्षं झाली, तरी वखारीत हत्यार घ्यायचं म्हटलं की लोक मलाच बोलावतात. लोहार पहारी पुढे टाकतो. मी एकेक उभी करून छातीशी उंची बघते, टोक चाचपते, आणि निवडलेली पहारही परत परत चाचपत राहते. त्याला वाटतं, मी चोखंदळ आहे; खरं कारण वेगळं आहे. म्हणून आज दुपारी लिहायला बसले. तुम्हाला वाचता येत नव्हतं. आलेला कागद वाचून दाखवायचं काम माझंच असायचं. हा कोण वाचून दाखवणार, ते मला माहीत नाही.

नवऱ्याचं घर सोडून मी तुमच्याकडे परत आले, तेव्हा चोवीस वर्षांची होते. कनेरगाव नाक्याजवळच्या आरा मशीनवर तुम्ही ओंडके लोटणाऱ्या टोळीचे मुकादम होता आणि मी पोत्यात भुसा भरायच्या कामाला लागले. एके दिवशी मालकानं जुन्या भरीव पहारी बाजूला टाकून पोकळ पाइप आणले. मी एक उचलून बघितला आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "आबा, हे हलके हायत. हात दुखणार न्हाईत." तुम्ही तो माझ्या हातातून घेतलात. पाइप सागाच्या ओंडक्याखाली घातला, वरच्या टोकावर अंग टाकलं. पाइप मधोमध वाकला आणि वाकलेलाच राहिला. मग माझ्याकडे न बघता म्हणालात, "काहून हलकं पाहून राहिली तू? हत्यार वाकलं की भार माणसाच्या पायावर येतो. ज्याला हे कळत न्हाई, त्यानं भुसाच भरावा."

टोळीतले हसले. मी दुपारची भाकर खाल्ली नाही. तुम्हाला ते दिसलं असावं, कारण संध्याकाळी तुम्ही एक भरीव पहार आणून माझ्यापुढे उभी केली. "छातीइतकी बराबर. याहून लांब घेशील तर उलटून जबड्यावर बसंल. आखूड घेशील तर तूच लाकडाच्या पोटाशी जाशील." मग ओंडका सरकवायला खाली अंथरायच्या गोल बल्ल्या दाखवल्यात. सगळ्या सारख्या जाडीच्या हव्यात, नाहीतर ओंडका बारीक बल्लीकडे वळतो. आणि शेवटी म्हणालात, "पहार उसळली तर धरून ठिवू नको. सोडून दे. पहार नवी भेटती." तुमच्या तोंडून माया ऐकली ती एवढीच, आणि ती मी अजून पुरवून पुरवून वापरते.

तुम्ही काविळीनं गेलात. मुकादमकी दुसऱ्याकडे गेली, पण मोठं लाकूड आलं की टोळी मला बरोबर नेऊ लागली. नेणारे मामाच होते. तांड्यावरचे, तुमचे सगळ्यात जुने जोडीदार, उतारावर ओंडका आवरायला दोर धरणारे. ते म्हणायचे, "मुकादमाची नजर हिच्यात उतरली हाय." मला ते ऐकून आनंद व्हायचा नाही, भीती वाटायची. नजर उतरली असेल, पण तुमचा शांतपणा काही उतरला नव्हता.

तुम्ही गेल्यावर पाचव्या उन्हाळ्यातली गोष्ट. पुसेगावजवळ मालकानं एक कडुनिंब विकत घेतला होता. खोड टेकाडावर पाडलेलं, दोघांच्या कवेत न मावणारं. ते आडव्या पायवाटेनं ट्रकपर्यंत न्यायचं, आणि टेकाडाच्या खाली बरोबर समोर एक पत्र्याचं घर. मी ते बघते आणि सामानाकडे वळते. टोळीनं दोन पाइप आणि नायलॉनचा दोर आणलाय. मी म्हणते, यानं लाकडाला हात लावायचा नाही. नायलॉन ताणला जातो, झाडाला वेढला की घसरतो. अंबाडीचा जाड दोर आणा, भरीव पहारी आणा. माणूस परत नाक्याला जातो. मालक मोबाइलवर ओरडून राहिला, "ट्रक किती येळ उभा ठिवायचा?" सकाळ तिथंच संपते.

मग मी खाली त्या घराशी जाते. आत एक बाई चुलीपुढे बसलेली, मांडीवर लेकरू.

"वैनी, थोडा येळ बाहेर बसता का? वर लाकूड हलवायचंय."

"वरण शिजून राहिलं बाई. तुमचं लाकूड तिकडं, माझं घर इकडं. मी काहून उठू?"

"मला भ्या वाटतं म्हणून उठा."

तिनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं. मग लेकरू कडेवर घेऊन, पुटपुटत, बाजूच्या चिंचेखाली जाऊन बसली. वरून टोळीतला एक जण म्हणाला, "अशानं तर सारं गाव उठवावं लागंल." बाकीचे हसले, एकटे मामा हसले नाहीत. त्यांनी ओंडक्याला बांधलेल्या अंबाडीच्या दोराचे वरच्या बाभळीला दोन वेढे दिले आणि टोक हातात घेतलं.

गावातल्या सुतारानं पाचरी करून आणल्या. ओंडका खाली वळू नये म्हणून त्या त्याच्या खालच्या अंगाला ठोकल्या. चौघांनी पहारी घातल्या. ओंडका हातभर सरकला, मग आणखी हातभर. मी श्वास सोडते न सोडते तोच बुडाशी काहीतरी कचकन मोडलं आणि ओंडका खाली वळला. एकाची पहार उसळली. "सोड!" मी ओरडले. त्यानं सोडली, ती त्याच्या कानाजवळून गेली. मामांच्या हातातून दोर सरसरत निघाला. ओंडका घराची भिंत फोडून चुलीवर जाऊन थांबला. पत्रा वाकला, वरण मातीत सांडलं. चिंचेखाली ती बाई लेकराला छातीशी धरून उभी होती.

नंतर तिनं माझे पाय धरले. मालकानं भिंत बांधून दिली. नाक्यावर लोक मला म्हणू लागले, "बापाच्या वरताण निघाली." आणि मामा? त्यांच्या दोन्ही तळव्यांची कातडी गेली होती. ते स्वतःच सगळ्यांना सांगत होते, "दोर माझ्या हातून सुटला. वय झालं आता." पुन्हा त्यांनी दोर धरला नाही. टोळी सोडली, तांड्यावर शेळ्या राखतात. गाठ पडली की तळवे मिटून घेतात.

आबा, दोर सुटला तो नंतर. आधी पाचर फुटली. ती ओली होती. सुतार म्हणाला, वाळलेली बाभूळ हाय, पण मी अंगठा दाबून बघितला होता आणि अंगठ्याला ओल लागली होती. तेव्हा मी गप्प बसले. सकाळपासून सगळ्यांना थांबवून ठेवलं होतं. परत एकदा "थांबा" म्हणायची लाज वाटली. फुटलेल्या पाचरीचे तुकडे ओंडक्याखाली चुरडून गेले, कुणाला दिसले नाहीत. मला दिसले होते.

हा कागद टपालात टाकायचा नाहीच. खरं तर हे सगळं ज्यांना सांगायचं, ते तांड्यावर जिवंत आहेत, इथून पायी अर्ध्या तासावर. काल लोहाराकडून येताना त्या वाटेपर्यंत गेले होते. लांबून शेळ्या दिसल्या, तशी मागं फिरले.