दाजींचा स्लॅब

अंबड,
शनिवार, ८ फेब्रुवारी २०२५

ती. दैवशालाअक्का,

नमस्कार. आम्ही इकडे बरे आहोत. इंद्रायणीचा खोकला अजून गेलेला नाही, पण तिची शिलाई मशीन दिवसभर चालू असते, तेव्हा फार काही नसावं. तुझे गुडघे कसे आहेत? अंगणवाडीत लेकरांसोबत दिवसभर खाली बसणं-उठणं चालूच असणार. पत्र बघून दचकू नकोस. हसनाबादला रेंजचं काही खरं नसतं, अर्धं बोलणं तुटतं, म्हणून म्हटलं लिहावं. पत्ता मुद्दाम घरचा न टाकता अंगणवाडीचा टाकलाय.

कामाचं काय सांगू. ठेकेदारांनी बांधायचं आणि मी तपासायचं, एवढीच माझी नोकरी. पण खरं म्हणजे दिवसभर लोक आपल्याला येडं समजतात आणि आपण त्यांना समजून घेतो, असं ते काम आहे. परवा ओमप्रकाश नावाच्या ठेकेदाराच्या भिंतीवर गेलो. त्यानं फाट्यावरच्या हॉटेलवाल्याला सांगून ठेवलंय, साहेबाची गाडी दिसली की फोन कर. मी पोचेपर्यंत भिंत ओली करून तयार. फक्त रस्त्याकडून. मागं जाऊन हात लावला तर वीट तव्यासारखी तापलेली. "पाणी मारून राह्यलो की साहेब," म्हणे, "पण मागल्या अंगाला ऊन लई हाय, टिकत न्हाई." ओळंबा सोडला तर वरपासून खालपर्यंत दीड बोटाचा फरक. म्हणे, दोरीच वाकडी असंल. अक्का, वजन बांधून सोडलेली दोरी वाकडी कशी असेल?

काँक्रीट टाकताना त्यातलंच थोडं साच्यात भरून ठोकळे काढायचे आणि तपासणीला पाठवायचे, असा नियम आहे. याचे ठोकळे विचारले तर सापडेनात. शेवटी पाण्याच्या टाकीखाली दिसले. टाकी हलू नये म्हणून लावले होते. "मजबूत हायेत साहेब. बघा ना, हजार लिटर उचलून राह्यलेत." आता हे मी अहवालात कसं लिहू? वर ऑफिसात जावं तर विचारणा एकच, काम पूर्ण कधी दाखवायचं. झालंय का, असं कुणी विचारत नाही.

दोन पानं झाली आणि मी अजून ओमप्रकाशच्या भिंतीभोवतीच फिरतोय. तुला कळलंच असेल.

रेंजचं मी उगाच लिहिलं. तू सतरा दिवस माझा फोन उचललेला नाहीस. दाजींनी तुला त्यांच्या परीनं सांगितलं असेल. आता माझ्याकडून ऐक.

अंकुशनगरच्या पुढं एका वस्तीवर अंगणवाडीची इमारत चालू आहे. काम अप्पाराव नावाच्या ठेकेदाराच्या नावावर. पाया झाला, भिंती झाल्या, प्रत्येक वेळी समोर अप्पारावच असायचा. स्लॅबचं लोखंड बांधून झालं की मला दाखवायचं आणि मी हो म्हटल्यावरच काँक्रीट टाकायचं, असं मी त्याला लेखी दिलं होतं. गुरुवारी येतो, असंही सांगितलं होतं. बुधवारी मला जालन्याला मीटिंगला बोलावलं. गुरुवारी जाऊन बघतो तर स्लॅब टाकून मोकळे. वर ओली पोती अंथरलेली. आणि बाभळीखाली खुर्ची टाकून दाजी बसलेले.

"ये त्रिंबक. चहा घे," म्हणाले.

"दाजी, हे काम तुमचं?"

"स्लॅबपासून मी घेतलंय अप्पारावकडून. तुला सांगणारच होतो."

"काल का टाकला? मी आज लोखंड बघायला येणार होतो."

"ट्रॅक्टर समदे उसात गुतलेत. मिक्सर कालचाच दिवस मिळत व्हता. सोडला असता तर महिना गेला असता."

"लोखंड कितीवर बांधलंय?"

"बराबर बांधलंय."

"कितीवर, दाजी?"

त्यांनी कपातला चहा बशीत ओतला. मी एका मजुराला एका कोपऱ्यात दोन वीत फोडायला सांगितलं. तो दाजींकडं बघायला लागला, मग मीच छन्नी घेतली. अकरावीच्या सुट्टीत दाजींच्या हाताखालीच मी छन्नी धरायला शिकलो, हे तुला माहीत आहे. तेव्हा ते आख्ख्या हसनाबादेत एक नंबरचे मिस्त्री होते. ओळंबा कसा सोडायचा, वाळू मुठीत दाबून तिच्यातली माती कशी ओळखायची, हे मला कॉलेजच्या आधी त्यांनी शिकवलं. आत दोन गज दिसले. सहा इंचावर हवे होते, दहा इंचावर होते. गज फळीपासून वर राहावेत म्हणून खाली बारके ठोकळे लावतात, ते न लावता सरळ फळीवर ठेवलेले. फळी काढली की खालून गज उघडेच राहणार.

"हे फोडावं लागेल," मी म्हटलं.

"सख्खा मेव्हणा असून?"

"मेव्हणा असून."

"लोखंड कमी आलं दुकानातून. मिक्सर उभा. मी काय करणार व्हतो? आन अंगणवाडीची पोरं ती. वजन तरी किती असतंय त्यांचं?"

"पोरं खाली बसणार हायेत दाजी. वर न्हाई."

मजूर ऐकत होते. मी त्यांच्यासमोर बोलायला नको होतं, हे मला मान्य आहे. दाजी उठले, खुर्ची घडी करून भिंतीला लावली आणि जाता जाता एक वाक्य बोलले. ते या पत्रात माझ्याच्यानं लिहवत नाही.

त्याच दिवशी मी आदेश काढला. पंधरा दिवसांच्या आत स्लॅब पाडायचा. मुदत उलटून गेली, अजून पाडलेला नाही. अप्पाराव रोज वेगळ्या माणसाकडून मला निरोप पाठवतो. दाजी काहीच पाठवत नाहीत.

तू वीस वर्षं एका स्लॅबखाली लेकरं घेऊन बसतेस. मी काय करायला हवं होतं ते तूच सांग. राग धर, पण फोन उचल.

तुझा,
त्रिंबक


अंबड,
रविवार, २ मार्च २०२५

ती. अक्का,

नमस्कार. तुझं उत्तर नाही, फोनही नाही. तरी लिहितो. मागच्या वेळी अर्धंच लिहिलं होतं.

स्लॅब फुटला. दहा तारखेला दाजी स्वतः तीन माणसं घेऊन आले आणि दोन दिवसांत पाडला. सारी वस्ती बघायला जमली होती. तिथली सेविका बेबीनंदा मला म्हणाली, "साहेब, चार वर्षं समाजमंदिरात लेकरं बसवून राह्यले, आजून दोन महिने बसवीन. तुम्ही बिलकुल फिकीर करू नका." मला वाटलं होतं ती भांडेल.

चोवीस तारखेला नवीन स्लॅब टाकला. त्याचं लोखंड दाजींनी स्वतः बांधलं. एकसष्टाव्या वर्षी, उन्हात उकिडवं बसून, एकेक गाठ स्वतःच्या हातानं. मी टेप घेऊन गेलो तर बाजूला सरकले आणि म्हणाले, "मोजून घ्या, साहेब."

अक्का, एकतीस वर्षांत त्यांनी मला त्रिंबकशिवाय दुसरी हाक मारलेली नाही. मी प्रत्येक गज मोजला. कुठं अर्ध्या इंचाची चूक नव्हती. असं काम मी या तालुक्यात दुसरं पाहिलेलं नाही. हे त्यांना सांगायचं होतं, पण साहेबानं सांगून त्याला काय किंमत. वहीत तसं लिहिलं आणि निघालो.

आता ते वाक्य. त्या दिवशी बाभळीखाली दाजी म्हणाले होते, "आता लई बघून राह्यलास. तवा एकडाव बघितलं असतंस, तर चतुराबाई आज चालली असती."

तुला अर्थ लागला नसेल, कारण मी तो कधी लागू दिला नाही. तुमच्याजवळच्या वाडीच्या शाळेचा व्हरांडा दाजींनी बांधला, तेव्हा मी भोकरदनला होतो आणि तपासणी माझ्याकडं होती. मे महिना होता. मी दुपारी तुझ्याकडं जेवायला आलो. तू आमरस केला होतास. शाळा तिथून तीन किलोमीटर. व्हरांड्याच्या छज्ज्याचं लोखंड बघून मी परवानगी दिली की संध्याकाळी काँक्रीट टाकायचं, असं ठरलं होतं. बाहेर ऊन मी म्हणत होतं. दाजी म्हणाले, लोखंड बराबर हाय, चल दाखवतो. मी म्हटलं, तुमच्या कामात काय बघायचं. आणि पिशवीतून तपासणीचं पुस्तक काढून तुझ्या ओट्यावर बसून लिहिलं, प्रत्यक्ष तपासलं, योग्य आहे. खाली सही केली. मग पाच वाजेपर्यंत झोपलो.

छज्ज्याला लोखंड वरच्या अंगाला लागतं. मजुरांनी ते तुडवून खाली नेलं होतं. मी नुसता उभा राहिलो असतो तरी दिसलं असतं. दाजींनाही दिसायला हवं होतं, पण ते माझ्या शेजारी बसून मला वारा घालत होते.

गेल्या सप्टेंबरात छज्जा पडला. पोरं सुटून दहा मिनिटं झाली होती. खिचडी शिजवणारी चतुराबाई खाली पातेलं घासत होती, तिचं कमरेचं हाड मोडलं. पावसाचं पाणी मुरून पडला, असा अहवाल झाला. मी इकडं अंबडला बदलून आलो होतो, मला कुणी विचारलंही नाही. तू फोन करून म्हणालीस, "त्यांना झोप न्हाई रे, जेवण न्हाई." आणि मी तुला सांगितलं, पाण्यानं झालंय, दाजींचा काही दोष नाही. पडलेल्या छज्ज्याच्या फोटोत लोखंड खालच्या अंगाला दिसत होतं, तेव्हाच मला कारण कळलं होतं. मी तुझ्या तोंडावर खोटं बोललो.

त्यानंतर भोकरदन तालुक्यात दाजींना कुणी काम देईना. म्हणून ते इतक्या लांब, दुसऱ्याच्या नावाखाली, माझ्यापासून लपून स्लॅब टाकायला आले. तरीही त्यांनी गज दहा इंचावर ठेवले, याचा राग माझ्या मनातून जात नाही. चतुराबाईनंतर तरी ठेवायला नको होते. पण हा राग करायला मी कोण, हेही तितकंच खरं आहे.

नऊ फेब्रुवारीला मी चतुराबाईकडं गेलो होतो. तुला न कळवता, कारण वाट तुझ्या दारावरूनच जाते. ती वॉकर धरून उठायला लागली, मी बसा म्हटलं. तिला वाटलं मी ऑफिसकडून आलोय. मला म्हणाली, "साहेब, नवा छज्जा कवा बसवतेत? सून माझ्या जागी लागली, तिला उन्हात खिचडी करावी लागून राह्यली." स्वतःच्या कमरेबद्दल एक शब्दही काढला नाही. मला तिला खरं सांगायचं होतं. चहा पिऊन परत आलो.

दुसऱ्या दिवशी मी वरिष्ठांना लेखी दिलं. छज्ज्याची तपासणी मी केलेली नव्हती, सही खोटी आहे. चौकशी लागली. आणि आता खरी डोकेदुखी ऐक. गुरुवारी चौकशी अधिकाऱ्यांनी दाजींना बोलावलं होतं, तर दाजींनी जबाब दिला की साहेब साडेतीन वाजता साइटवर आले, लोखंड तपासलं, बराबर होतं, ते गेल्यावर माझ्या मजुरांनी तुडवलं, सगळी चूक माझी. अधिकारी मला म्हणतात, तुमचं पत्र मागं घ्या, ठेकेदारच कबूल करून राह्यला तर तुम्हाला कशाला हौस.

बावीस वर्षांत पहिल्यांदा एका ठेकेदारानं माझ्यासमोर चूक कबूल केली, आणि ती खोटी निघाली. मी काय करू अक्का? स्लॅब फोडायला लावला म्हणून त्यांनी मला शिव्या दिल्या असत्या तर मी ऐकून घेतल्या असत्या. मला "साहेब" म्हणाले, तेही सोसलं. हे सोसवत नाही. त्यांना वाटत असेल की तुझ्या भावाची नोकरी वाचवली. पण असं झालं तर चतुराबाईचं सगळं एकट्या त्यांच्या माथ्यावर बसेल, जन्मभर, आणि मी तुझ्या घरी येऊन जेवत राहीन.

मी पत्र मागं घेतलेलं नाही. सुनावणी सोमवारी, दहा तारखेला आहे. त्या दुपारी साडेतीनला मी कुठं होतो हे दाजींना, मला आणि तुलाच माहीत आहे. आमच्या दोघांचे जबाब उलटे पडल्यावर ते तुला विचारायला येतील. तू जे पाहिलंस तेच सांग. नवऱ्याचं ऐकू की भावाचं, असा विचार करू नकोस. दाजींना माझं एवढंच सांग, की त्यांची जेवढी चूक आहे तेवढी त्यांनी घ्यावी, माझी मला राहू द्यावी.

तुला तिथं बोलायचं जिवावर आलं तर बोलू नकोस. नुसतं हे पत्र चौकशी अधिकाऱ्यांच्या हातात दे. धाकट्या भावानं थोरल्या बहिणीच्या पत्राखाली हुद्दा लिहायचा नसतो, पण नुसत्या "तुझा त्रिंबक"ला तिथं कुणी विचारणार नाही. म्हणून सगळं लिहून सही करतो. या वेळी वर लिहिलेलं सगळं दोनदा वाचून.

त्रिंबक पुंजाराम खटके
कनिष्ठ अभियंता, बांधकाम