गंजल्या रुळावरचा पट्टा

३ फेब्रुवारी
साताऱ्याहून आंबेनळी घाट उतरून आज महाडजवळच्या स्टेशनावर हजर झालो. सहा महिने रुळांची झीज मोजायची. स्टेशनामागची खोली झकास आहे. दारापासून दहा पावलांवर एक बंद साईडिंग संपते, तिच्यावर अकरा वर्षांत गाडी आलेली नाही. वाटेत पोलादपूरला मिसळ खाल्ली. इथल्या मानाने बरी होती.

४ फेब्रुवारी
ट्रॅकमन गोमाजी म्हणजे अकलेचा कांदा. त्याला समजावलं, की नवं चाक नव्या रुळाला मधोमध, नाण्याएवढ्या जागेत टेकतं. दोन्ही झिजत गेली की ती जागा पसरते, आतल्या कडेकडे सरकते आणि शेवटी चाक कडेवर चढून रूळ सोडतं. गाढवापुढे वाचली गीता. त्याने नुसतं साईडिंगकडे बोट दाखवलं. तिथे एका गंजलेल्या रुळावर बोटभर रुंद, लखलखीत पट्टा आहे. कडेपासून बारा मिलिमीटर.

"हितं गाडी नाय सायेब," तो म्हणाला, "पन चाक हाय."

कुणी रिकामटेकडा दगड घासत असणार.

५ फेब्रुवारी
पट्टा नऊवर आला. सकाळी हात लावला तर चटका बसला. शेजारचा गंज थंडगार. गोमाजीने खोली सोडा म्हणून हात जोडले. असल्यांच्या भरवशावर गाड्या धावतात.

६ फेब्रुवारी
सहा. दुपारी जेवताना तांब्यातलं पाणी थरथरलं. स्टेशनमास्तरला विचारलं, तेव्हा कुठलीच गाडी नव्हती. तोही मला खोली सोडा म्हणाला. सगळे एकाच माळेचे मणी.

७ फेब्रुवारी
तीन. रोज तीनने सरकतोय, म्हणजे उद्या शून्य. उद्या ते चाक रूळ सोडणार, आणि पुढे माझंच दार. भीती वाटते आहे. गोमाजीसमोर कबूल करणार नाही. त्याला न सांगता महाडात लॉजवर आलो. चवदार तळ्याजवळ, तिसरा मजला.

८ फेब्रुवारी, दुपार
गोमाजीचा फोन. रुळाखालच्या स्लीपरवर खाच, मग मातीत, मग माझ्या दारातून आत. खोलीभर फिरून परत बाहेर— महाडच्या रस्त्याने. एकच चाक, म्हणतो. मूर्ख. डांबरावर कसं—

खाली लोक ओरडतायत. लोखंड घासल्याचा आवाज. जिन्यात.

चाकाला जिना चढता येत नाही. साधं शास्त्र आहे. चढायला त्याला कड लागते, आणि पायरीला तर—

प्रत्येक पायरीला कड